माझं नाव वाचू नका

४ जून

धाकटे,

सलाम. फोनवर तू 'हो ताई, हो ताई' करतेस आणि फोन ठेवल्यावर कळतं की तू कशालाच हो म्हटलेलं नाहीस. म्हणून लिहिते. कागदावर हो की नाही ते दिसतं तरी. अक्षराला हसू नकोस, शाळा सुटून जमाना झाला आणि होती तीही अर्धीच.

डॉक्टरीणबाईंनी पोटातली गाठ काढायला सांगितलीय, पिशवीसकट. मी म्हटलं काढा, तिचं कामही आता काही उरलेलं नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, लांबवू नका, अंगातलं रक्त फार गेलंय. आणि त्यानंतर दोन महिने जड उचलायचं नाही. मी विचारलं, जड म्हणजे किती जड. म्हणाल्या, भरलेली बादलीसुद्धा नाही.

आमच्या घरातलं जड काय आहे ते तुला ठाऊक आहे. तुझे भावोजी. अर्धं अंग गेल्यापासून वाळून काटकी झालेत, पण माणूस तो माणूस. त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, खुर्चीत बसवायचं, खालची चादर बदलायची. चादर बदलणं हे खरं दोघांचं काम. एकानं माणूस एका कुशीला धरायचा आणि दुसऱ्यानं चादर ओढायची. मी एकटी करते. गुडघा लावून धरते आणि दातांनी चादर ओढते. हॉटेलच्या लाँड्रीतही मी डबल बेडच्या चादरी एकटीच घडी घालते, एक टोक खिळ्याला अडकवून. बाकीच्या बायका जोडीनं घालतात आणि गप्पांत अर्धी पाळी घालवतात.

तर तू ये. दोन महिने. मूल ना तुला ना मला, मागे ओढणारं कोण आहे? तुझ्या नवऱ्याच्या, पाळकसाहेबांच्या जेवणाचं म्हणशील तर तुमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका घालतील, त्यांना तेवढाच आशीर्वाद. कधी येतेस ते कळव, म्हणजे मी तारीख घेते.

तुझी ताई

११ जून

प्रभूमध्ये प्रिय ताईस,

सप्रेम सलाम. तुझं पत्र वाचून रात्रभर डोळा लागला नाही. तरी मला येता येणार नाही, ताई. कारण विचारू नकोस. इथलं काम सध्या असं आहे की पाळकांना सोडून मला एक दिवसही हलता येत नाही.

तू रागावशील. पण मी तुला एक सांगते, लहान असून सांगते. आई गेल्यापासून तू सगळं स्वतःच्या पाठीवर घेत आलीस. थोडा भार देवावर टाकायला शीक. विसंबून राहणं म्हणजे कमीपणा नाही. पाखरं पेरत नाहीत, कोठार बांधत नाहीत, तरी त्यांना कोणीतरी सांभाळतंच ना? मी सकाळी उठल्यावर पहिलं तुझं नाव घेते, मग भावोजींचं.

तुमच्या पाळकांना मी फोन केला होता. रविवारी आजाऱ्यांसाठी विनंत्या वाचतात त्यांत तुझं नाव घालायला सांगितलंय. इथेही चिठ्ठी टाकली आहे. आमचे पाळक स्वतः वाचतील. दोन मंडळ्या तुझ्यासाठी प्रार्थना करतील, ताई. तू एकटी नाहीस.

ख्रिस्तात तुझी,
धाकटी

२० जून

धाकटे,

माझं नाव वाचायला तुला कोणी सांगितलं होतं?

रविवारी मी नेहमीसारखी शेवटच्या बाकावर दाराशी बसले होते. उपासना संपली की पळायला बरं पडतं, भावोजी घरी एकटे असतात. आमचे पाळक वाचायला लागले, अमक्याचा गुडघा, तमक्याचा दमा, आणि मग म्हणाले, आपली लाँड्रीतली भगिनी, जिचं मोठं ऑपरेशन आहे आणि जिचे पती अंथरुणाला खिळलेले आहेत. खिळलेले नाहीत ते. मी त्यांना रोज खुर्चीत बसवते, दाढी करते. सगळ्या माना एकदम मागे वळल्या. लग्नातही इतक्या लोकांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं.

मग दारात रांग. काय झालं, कुठे झालं, कधीपासून झालं. माझ्या पोटाची बातमी अंगणभर. आणि सगळ्यांत पुढे कोण, तर चष्मेवाली. तुला आठवत नसेल. प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड मी धुऊन इस्त्री करून देते. एकदा त्याच्या कोपऱ्याला पिवळा डाग राहिला, तर या बाईनं सगळ्यांदेखत चष्मा कपाळावर चढवून ते उजेडाला धरलं होतं आणि म्हणाली होती, इस्त्री पोळलीय वाटतं. तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. ती आता मला म्हणते, आम्ही पाळ्या लावून येऊ. मी म्हटलं, माझं मी बघते.

तू देवावर भार टाक म्हणतेस. टाकते ना. त्याला म्हणावं, शनिवारी दुपारी ये, मला लाँड्रीतून सुट्टी असते, भावोजींना एका कुशीला धर, मी चादर ओढते. तुझ्या प्रार्थनेनं माणूस कुशीवर वळत नाही, बाई. पाखरांचं काय घेऊन बसलीस, पाखरांच्या घरात लुळा नवरा नसतो.

तारीख पुढे ढकलली आहे. तू येशील तेव्हाच घेईन. आणि तुझ्या पाळकांना सांग, माझं नाव वाचू नका.

ताई

२ जुलै

प्रिय ताईस,

सलाम. हात जोडते, ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. माझ्यावरचा राग स्वतःच्या पोटावर काढू नकोस. जे कोणी मदतीला येतील त्यांना घरात घे. मी येऊ शकत असते तर तुझं पत्र येण्याआधी तुझ्या दारात उभी असते, एवढं तरी खरं मान.

जास्त लिहीत नाही, स्वयंपाकघरात काहीतरी लागल्याचा वास येतोय, बघते. पाळकांनाही दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणतात.

धाकटी

ताईंस सलाम. साडूभाऊंची तब्येत कशी आहे? आम्ही प्रार्थनेत आठवण करतो. साडूभाऊंची तब्येत कशी आहे? त्यांना सलाम सांगा. ताईंस सलाम.

२५ जुलै

धाकटे,

पाळकसाहेबांच्या ओळी पोचल्या. एकच वाक्य दोनदा लिहायला त्यांना सवड होती, बायकोला पाठवायला नव्हती. मोठ्या लोकांचं असंच.

ऑपरेशन झालं. मी घेतलं नाही, झालं. लाँड्रीत इस्त्रीच्या प्रेससमोर उभी होते, हातात चादर, आणि एकदम सगळं पांढरं दिसायला लागलं. मला वाटलं चादरीच आहेत. डोळे उघडले तेव्हा बाजारातल्या हातगाडीवाल्यासारखी एक नर्स माझी खाट ढकलत होती, दार जवळ आलं की ओरडत होती, बाजूला व्हा, बाजूला व्हा. मला एवढंच सुचलं की घरी ते एकटे आहेत, पाण्याचा पेला हाताला येईल असा ठेवलाय की नाही.

तुझ्यासारखी मला प्रार्थना येत नाही. मी म्हटलं, तू आहेस ना, मग बघ आता. माझे हात बांधलेत, सुई टोचलीय. तूच बघ. आमेनसुद्धा म्हटलं नाही, तोंडावर मास्क दाबला तेवढ्यात.

आणि त्यानं पाठवावं कोणाला? चष्मेवालीला.

देवाकडे एवढी माणसं आहेत. शेजारीण होती, लाँड्रीतल्या बायका होत्या. पण नाही. लाँड्रीतून कोणीतरी पाळकांना कळवलं, पाळकांनी तिला, आणि तिनं शेजारणीकडून किल्ली घेतली. मी घरी आले तर स्वयंपाकघरातले डबे उलटे लागलेले, मीठ साखरेच्या जागी, आणि भिंतीवर पाळ्यांचा कागद चिकटवलेला, सोमवारी कोण, मंगळवारी कोण. भावोजींचे केस कापलेले. मला न विचारता. त्यांना धड बोलता येत नाही, पण ती आली की त्यांचा चांगला हात उचलतात. माझ्यासाठी कधी उचलला नाही. मी म्हटलं, बघा, उपकाराचा हात आणि हक्काचा हात वेगळा असतो.

ती चादर बदलते तेव्हा मला खुर्चीत बसून बघावं लागतं. कोपरे मोडत नाही नीट. मी सांगते, असं नाही, असं. ती ऐकते आणि स्वतःसारखंच करते.

एक दिवस तिला उशीर झाला. ते ओले होऊन पडलेले, माझ्याकडे बघत. मी उठले, गुडघा लावला, वळवलं. टाका सुटला. परत हॉस्पिटल. डॉक्टरीणबाईंनी टाका परत घातला. बोलली ती चष्मेवाली. खाटेशी बसून, चष्मा पुसत.

"तुम्हाला मदत नको असते," म्हणाली. "तुम्हाला मोलकरीण हवी असते, सांगाल तेवढं आणि सांगाल तसं करणारी. देवाकडेही तेच मागत असाल."

माझ्या तोंडात आलेलं उत्तर गिळलं, कारण बोललं की टाके ओढतात. अजून ते उत्तर तसंच पडून आहे, आणि आता मला नक्की आठवत नाही काय होतं ते.

तू तिकडे बरी आहेस ना? बंगला आहे, अंगण आहे, चालता-बोलता नवरा आहे. विसंबून राहायला सोपं जात असेल.

ताई

९ ऑगस्ट

धाकटे,

रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात. मी एकदाच मेले आणि मलाच पत्ता नाही.

काल पोस्टानं तुमच्या मंडळीतल्या महिला संघाच्या चिटणीसबाईंचं पत्र आलं, भावोजींच्या नावानं. मी फोडलं. लिहिलंय, आपल्या प्रिय पत्नी प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्याचं आमच्या पाळकांकडून समजलं, सर्व भगिनी आपल्या शोकात सहभागी आहेत, त्यांच्या स्मरणार्थ आम्ही गीत गायलं. कोणतं गायलं तेही लिहिलंय. मला ते गीत कधी आवडलं नाही.

मी ते भावोजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते आधी हसले, त्यांचं अर्धं तोंड हसतं तसं. मग रडायला लागले आणि थांबेनात. शेवटी चष्मेवालीनं ते पत्र माझ्या हातातून काढून घेतलं.

ऑपरेशन झालं हे मी तुला माझ्या हातानं लिहिलंय. मी बरी आहे हे तुला ठाऊक आहे. मग तुझ्या नवऱ्यानं मला कशाला मारलं? आणि तू बाकावर बसून काय करत होतीस? गीतात सामील झाली होतीस का?

यावेळी वचनं लिहू नकोस. सरळ लिही.

ताई

१८ ऑगस्ट

ताई,

तू जिवंत आहेस हे इथे फक्त मला ठाऊक आहे.

सरळ लिहिते. ह्यांची आठवण जातेय. हिवाळ्यात सुरू झालं. आधी चष्मा, किल्ल्या, ते कोणाचंही होतं. मग संदेश देताना मधेच थांबायला लागले. मग एकदा प्रभुभोजनाच्या वेळी भाकर दोनदा वाटली आणि पेला तसाच राहिला. लोकांना वाटलं, प्रार्थनेत तल्लीन झालेत. आता संदेश मी लिहिते, मोठ्या अक्षरांत, आणि पहिल्या बाकावर बसून ओठ हलवते. ते माझ्या ओठांकडे बघून बोलतात. चुकलं की मी खोकते. मंडळीत सगळे म्हणतात, पाळकीणबाईंचा खोकला जात नाही. तुला पत्र लिहीत होते त्या दिवशी त्यांनी रिकामं भांडं शेगडीवर ठेवलं होतं. त्यांना एक दिवस एकटं सोडून यायचं म्हणजे काय ते आता कळलं ना तुला.

पंचांना कळलं तर घर जाईल. हे घर चर्चचं आहे. आमचं स्वतःचं एक दारसुद्धा नाही, कुठे जाऊ?

विनंत्यांच्या चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे असतात, एक आजाऱ्यांचा, एक त्या आठवड्यात घरात मरण झालेल्यांचा. मी रबर लावून वेगवेगळे देते. त्या रविवारी रबर सुटलं असावं. त्यांनी तुझी चिठ्ठी दुसऱ्या गठ्ठ्यात वाचली. त्यांचा आवाज तुला माहीत आहे. आवाज काहीही विसरलेला नाही. म्हणाले, माझ्या पत्नीची थोरली बहीण विसाव्याला गेली. आणि त्यांनाच ते खरं वाटलं, ताई, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. लोक उभे राहिले.

मी उठून नाही म्हणायला हवं होतं. मी खोकले. खोकल्यावर ते माझ्या ओठांकडे बघायला लागले, आणि माझ्या ओठांवर काहीच नव्हतं.

संध्याकाळी बायका घरी आल्या, डबे घेऊन. चिटणीसबाईंनी मला जवळ घेतलं आणि मी रडले. तुझ्यासाठी नाही. इतके महिने कोणाच्या खांद्यावर डोकं ठेवता आलं नव्हतं, ते तुझ्या नावावर ठेवलं. सगळ्यांच्या विनंत्या आमचे हेच वाचतात. पाळकाच्या बायकोची चिठ्ठी कोण वाचणार?

दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं ठरवलं होतं. पण ते डबे, ती माया, मला सोडवेना. तू मेलेली राहिलीस तर मला आणखी थोडे दिवस रडता येणार होतं.

भार टाक, विसंबून राहा, असं मी तुला लिहायचे तेव्हा ते तुला नसायचं, मलाच असायचं. तू रागावून का होईना पत्र ठेवून देशील आणि निदान एका जागी तरी ते लिहिलेलं राहील, म्हणून लिहायचे.

धाकटी

२६ ऑगस्ट

धाकटे,

वाचलं. त्या दिवशी स्वयंपाकही केला नाही, चष्मेवाली म्हणाली, काय झालं, मी म्हटलं बहीण मेली. मग म्हटलं, नाही, तिच्याकडे मी मेलेय. तिला काही कळलं नाही, पण जेवायला तिनंच वाढलं.

मला मारलंस त्याचा राग नाही. लाँड्रीत अर्ध्या बायका मला रोज मारतात मनातल्या मनात. राग याचा की तुझ्यावर एवढं आलं आणि मी तुला बंगल्याचे टोमणे लिहीत बसले, आणि तू ते वाचून गप्प राहिलीस. मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं? ओरडले असते. ओरडणं खाऊन कोणी मेलं नाही, आई गेली ती तापानं गेली, माझ्या ओरडण्यानं नाही.

आता ऐक. तू देवावर विसंबली नव्हतीस. तू त्यांच्या आवाजावर विसंबली होतीस, आणि रबरावर. मी काही शहाणी नाही, मी माझ्या कंबरेवर विसंबले होते, ती प्रेससमोर गेली. पण मी पडल्यावर मला उचलायला कोणी आलं कारण तू माझं नाव वाचून घेतलं होतंस. त्याबद्दल मी तुला शिव्या दिल्या होत्या. त्या परत घेत नाही, पण हे सांगून ठेवते.

आता तुझं नाव. चिठ्ठी लिही आणि ती त्यांच्या गठ्ठ्यात टाकू नकोस. विनंत्यांच्या वेळी उभी राहा आणि स्वतः वाच. पहिलं वाक्य, माझी बहीण मेलेली नाही. दुसरं, माझा नवरा विसरतो. तिसरं सुचलं तर बघ, नाहीतर बस खाली. खोकू नकोस.

घर जाईल. जाणारच आहे, आज ना उद्या ते उपदेशपीठावर तुलाच विचारतील, आपण कोण. त्यापेक्षा तू सांगितलेलं बरं. देव सांभाळेल असं मी लिहिणार नाही. मला ठाऊक नाही. मला एवढंच कळलंय की आपण दार लावून बसलो की तोही बाहेर उभा राहतो, आणि आत आल्यावर तो आपल्या पद्धतीनं चादर घालतो. कोपरे न मोडता.

ताई

१७ सप्टेंबर

ताई,

वाचली.

पहिलं वाक्य वाचल्यावर कुजबुज झाली. दुसरं वाक्य मी 'माझा नवरा' असं लिहिलं होतं, आणि वाचलंही तसंच. माझा नवरा विसरतो. तो संदेश विसरतो, रस्ता विसरतो, कधी कधी मला विसरतो. त्याच्यासाठी आणि माझ्यासाठी प्रार्थना करा. मी खाली बसले. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

ते वर उभे होते, मान खाली घालून ऐकत होते, कोणत्याही बाईची विनंती ऐकतात तसे. मग त्यांनी हात पसरले आणि प्रार्थना केली. त्या भावासाठी, जो स्वतःच्या घरात वाट चुकलाय. त्या भगिनीसाठी, जिला रोज परक्या माणसाची ओळख करून घ्यावी लागते. म्हणाले, तो तुला विसरला तरी तू त्याला विसरू नकोस, देवा. माझ्या ओठांकडे एकदाही बघितलं नाही. कित्येक महिन्यांत त्यांनी अशी प्रार्थना केली नव्हती. घरी येताना मला म्हणाले, त्या बाईचं फार कठीण आहे, आपण तिच्याकडे एकदा जाऊन येऊ.

पंच आले, चांगलं बोलले, त्यांची सेवा मोठी आहे म्हणाले. महिनाअखेर घर रिकामं करायचं आहे, नवे पाळक येतायत. चिटणीसबाई आल्या नाहीत. एकीकडून निरोप आला, डबा परत पाठवा. आम्ही तुमच्या बहिणीसाठी खरोखर रडलो होतो, असं चिटणीसबाई चर्चच्या दारात कोणाला तरी म्हणाल्या. त्यांचं चुकलं नाही. एक म्हातारे गृहस्थ मात्र रोज येतात, ह्यांच्याशेजारी ओट्यावर बसतात, बोलत काही नाहीत. तेवढ्यात मी आंघोळ करून घेते.

देवानं सांभाळलं असं लिहायला हात जात नाही. नाही सांभाळलं असंही जात नाही.

सामान बांधतेय. पुस्तकं कुठे ठेवायची ते ठरलेलं नाही. बाकीचंही काही ठरलेलं नाही. तुझ्या टाक्यांना जप.

धाकटी

२३ सप्टेंबर

धाकटे,

एवढं पानभर लिहिलंस आणि मागितलं काहीच नाहीस. अजून शिकली नाहीसच.

तर मीच लिहिते. ये. दोघं या. पुढची खोली रिकामी करते, त्यात इस्त्रीचं टेबल आहे ते जिन्याखाली जाईल. जागा पुरेल असं म्हणत नाही. पुरणार नाही. एक नवरा हलत नाही आणि दुसरा एका जागी थांबत नाही, आणि आपण दोघी एका छपराखाली लहानपणीसुद्धा धड राहिलो नव्हतो. तू रोज रडशील आणि मी रोज ओरडेन. पण भावोजींना धरायला माणूस होईल, आणि पाळकसाहेब दाराबाहेर गेले तर बघायला मी होईन. मला लाँड्रीत आता प्रेसवर घेत नाहीत, घड्या घालायला बसवलंय. जोडीनं. माझ्या समोरची बाई फार बोलते.

तुला यायची लाज वाटेल. तिथे तू मला मारलंस, आता माझ्याच घरात येणार. वाटू दे. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, मला आता कशाचं काही नाही. पाळकसाहेबांना सांगू नकोस कुठे चाललोय. सांग, त्या बाईकडे चाललोय, जिचं फार कठीण आहे.

चष्मेवालीला मी स्वतः विचारलं, आणखी एक माणूस येतोय, सकाळी त्यांना जरा फिरवून आणाल का. असं तोंडानं मागणं मला किती जड गेलं ते तुला कळायचं नाही, भरलेली बादली बरी. तिनं चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाली, बघते. म्हणजे येईल. मीठ अजून साखरेच्या जागीच आहे, तुला चुकेल, सांगून ठेवते.

देवाशी माझं अजून जमलेलं नाही. मी एक मागते, तो दुसरंच पाठवतो, आणि कशाबद्दल ते सांगत नाही. माझा राग आहे तो आहे. पण आता रागावून मी त्याच्याकडेच बघते, पूर्वी तेवढंही करत नव्हते.

आणि एक. रविवारी इथे माझं नाव अजून वाचतात, बरी झाले तरी. परवा उपासनेनंतर मी पाळकांकडे गेले, आता काढा म्हणून सांगायला. तोंडातून निघालं, खाली दोन नावं वाढवा. त्यांनी वही उघडली, तुमची नावं लिहून घेतली, मग विचारलं, विनंती कशासाठी लिहू.

मी म्हटलं, काही लिहू नका. नुसती नावं वाचा. फक्त जिवंतांत वाचा.

तुझी ताई